प्रोस्टेटचं ऑपरेशन: काय सुधारतं, काय राहतं

‘ऑपरेशन झालं, लघवीची धार छान सुटली, पण रात्री उठणं काही थांबलं नाही.’ यूरॉलॉजिस्टना ही तक्रार ओळखीची असते. ऑपरेशन फसलं असा तिचा अर्थ बहुतेक वेळा नसतो.

साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली वाढ झालेली असते. मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधूनच जातो आणि ग्रंथी वाढते तीही नेमकी त्याला लागून असलेल्या भागात. मग मूत्राशयाला जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं जोर लावून त्याचा स्नायू जाड होतो, जरा लघवी साठली की आकसू लागतो; काहींचा शेवटी थकतोच.

टीयूआरपी या ऑपरेशनमध्ये मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेवर चालणाऱ्या तारेच्या कडीने ही वाढ थोडी थोडी कापून काढतात. पोटावर टाका नाही, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बहुधा दोन-तीन दिवस. पूर्वी सेकंदाला 10 मिलिलिटरही न भरणारी धार साधारण दुप्पट होते. थकलेल्या स्नायूला मात्र पूर्वीची ताकद येईलच असं नाही, म्हणून फार काळ अंगावर काढू नये. रात्री उठावं लागण्यामागे तर इतरही कारणं असतात: उतारवयात मूत्रपिंडं रात्री जास्त लघवी तयार करतात, शिवाय मधुमेह, पायांवरची सूज, मुळातच उडालेली झोप. त्यावर प्रोस्टेट कापून काय होणार?

साधारण दहा-बारा दिवसांनी आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लालसर होते. आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो. रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.

ज्याबद्दल विचारायला पुरुष लाजतात, ते इथे स्पष्टच सांगतो. टीयूआरपीनंतर तिघांपैकी जवळपास दोघांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. अपाय काही नाही, ताठरताही सहसा टिकते. मूल हवं असेल तर मात्र हे आधीच बोलावं. यूरोलिफ्टमध्ये काहीच न कापता प्रोस्टेटचे वाढलेले भाग टाक्यांनी बाजूला ओढून धरतात, त्यामुळे वीर्यपतन सहसा बिघडत नाही. पण पाच वर्षांत सातांपैकी सुमारे एकाला पुन्हा उपचार लागतो. फार मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेझरने आतली वाढ अख्खी सोलून काढणं अधिक टिकाऊ ठरतं.

यांपैकी कुठल्याही पद्धतीत ग्रंथीचं बाहेरचं कवच जागेवरच राहतं. प्रोस्टेटचे बहुतेक कर्करोग याच भागात होतात. त्यामुळे ऑपरेशननंतरही पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी किती अंतराने करायची, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.