खानदेशात झुलती खुर्ची उशिरा का आली

खानदेशातल्या जुन्या घरांत झोपाळा सापडतो, कड्यांना टांगायची बंगई सापडते, माळ्यावर उलटा करून ठेवलेला सागवानी पाळणाही सापडतो. झुलती खुर्ची मात्र शोधावी लागते. अलीकडे जळगाव-धुळ्याच्या नव्या बंगल्यांत खिडकीपाशी एखादी जुनी रॉकिंग चेअर ठेवायची हौस आली आहे, आणि विकणारा ती हटकून 'वाड्यातली, शंभर वर्षांची' म्हणून गळ्यात मारतो. असेलही वाड्यातली. पण ती वाड्यात शिरली केव्हा आणि कशी, हे ठाऊक असलं तर भाव करताना उपयोगी पडतं.

झुलायचं वेड इथे बाहेरून आलेलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी निंबाच्या फांदीला दोर बांधले जातात, आणि घरात ओसरीवर कड्यांना टांगलेली बंगई बारा महिने असते. धाब्याच्या घराला वरच्या मातीचं ओझं पेलायला जाड तुळया लागायच्याच. त्यातल्याच एकीला कड्या ठोकल्या की झालं. बंगईवर दोघं-तिघं बसतात, उन्हाळ्यात तेवढाच वारा लागतो, दुपारी आडवंही होता येतं. एकाच माणसाला बसवणारी आणि चौघांची जागा अडवणारी खुर्ची अशा घरात कोण कशाला आणेल? शिवाय खालची भुई सारवलेली. झुलत्या खुर्चीच्या दोन कमानी अशा भुईवर चार दिवसांत पोपडे काढतील, चर पाडतील. झोपाळ्याचा भार तुळईवर, हिचा जमिनीवर. शहाबादी फरशी नसलेल्या घरात ही खुर्ची म्हणजे नसती पीडा. माझ्या मते तिच्या उशिरा येण्याचं निम्मं कारण साहेबाच्या इतिहासात नाही, पायाखालच्या जमिनीत आहे.

तिचा जन्म मात्र दूरचा. पाळण्याला आणि लाकडी घोड्याला खालून कमानी लावायची युक्ती युरोपात कित्येक शतकं जुनी. ती मोठ्यांच्या खुर्चीला लागली अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि तिचा खरा प्रसार झाला उत्तर अमेरिकेत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी ती शोधली असं बिनदिक्कत सांगितलं जातं, त्याला पुरावा नाही. पहिल्या खुर्च्या साध्याच होत्या: घरातल्या खुर्चीचे पाय खाली चिरायचे आणि त्यांत कमानी बसवायच्या. अंगावर पाजणाऱ्या बाया, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांच्या सोयीचं हे काम, सजावटीचा त्यात विचार नव्हता.

सजावट आली १८२० नंतर, बोस्टन रॉकर या नावाने. काळा रंग दिलेली, बसायची फळी पुढे खाली वळलेली आणि मागे वर उचललेली, पाठीच्या वरच्या पट्टीवर सोनेरी रंगात साच्याने उठवलेली फळं-फुलं. याच्या अगदी उलट शेकर या तिकडच्या ख्रिस्ती पंथाची खुर्ची. नक्षी म्हणजे व्यर्थ डामडौल असं मानणारी ही माणसं. न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनन इथला त्यांचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील यादीवरून खुर्च्या विकायचा, लहान मुलाच्या ० क्रमांकापासून धिप्पाड माणसाच्या ७ क्रमांकापर्यंत. बारीक दांडे, पाठीला आडव्या पट्ट्या, विणलेल्या फितीची बैठक, बस्स. आज संग्राहक या दोन्हींच्या मागे असतात. मला विचाराल तर शेकरांचीच सरस. बोस्टनवालीचा सोनेरी रंग उडाला की मागे फारसं काही उरत नाही.

खानदेशाशी या खुर्चीचा एक लांबचा धागा जुळतो, तो कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ते युद्ध संपत असतानाच, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरात अब्राहम लिंकन यांना गोळी लागली, तेव्हा ते लाल रेशमी गादीच्या झुलत्या खुर्चीतच बसले होते. ती खुर्ची आज मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. कापसाचा भाव त्याच वर्षी कोसळला.

आपल्याकडे 'रॉकिंग चेअर' म्हटलं की डोळ्यांपुढे येणारी वेलांट्या-वेलांट्यांची, वेताच्या जाळीची खुर्ची मात्र अमेरिकेची नव्हे, व्हिएन्नाची. ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावात १७९६ साली जन्मलेल्या आणि पुढे व्हिएन्नात गेलेल्या मिखाएल थोनेट या सुताराचं ते काम. सुरुवातीला तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात चिकटवून वाकवायचा. पुढे अख्खी काठीच वाफेवर मऊ करून वाकवण्यापर्यंत तो पोचला आणि १८५६ साली त्या रीतीचा एकाधिकार, म्हणजे पेटंट, त्याला मिळाला. त्यातली मख्खी अशी: काठी वाकली की बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जाऊन फाटतात. थोनेटने त्या अंगाला लोखंडी पट्टी आवळून बांधली, म्हणजे बाहेरची बाजू ताणली जात नाही, आतलीच दबते. मग लोखंडी साच्यात अडकवून ती काठी तशीच वाळवायची. लाकूड बीचचं, सरळ दोऱ्याचं म्हणजे सरळ तंतूंचं. १८६० च्या सुमारास त्याने याच रीतीने पहिली झुलती खुर्ची काढली. पाय, हात आणि कमान असे वेगळे तुकडे न जोडता एकच काठी खालून निघून वर हाताशी वळते आणि पुन्हा खाली उतरते. या खुर्चीला निराळी नक्षी लागली नाही, कारण तिचा सांगाडाच नक्षी होता.

थोनेटच्या खुर्च्या सुट्या भागांत, स्क्रूंवर जोडायच्या. त्याच्या १४ क्रमांकाच्या साध्या खुर्चीचे ३६ नग एक घनमीटर पेटीत मावत. १८६९ साली एकाधिकार संपला, कोहन आणि इतर कारखाने उतरले आणि हा माल जगभर गेला. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल बुडाच्या काळपट खुर्च्या याच घराण्यातल्या.

खानदेशात इंग्रजी अंमल १८१८ साली आला आणि धुळे जिल्ह्याचं ठाणं झालं, पण साहेबी सामानाला खरी वाट मिळाली ती रेल्वेने. १८६० च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळपर्यंत आली. स्टेशनामागून बंगले आले, बंगल्यांना रुंद व्हरांडे आणि फरशी. साहेबाची बदली झाली की सामान लिलावात काढायची रीत तेव्हा देशभर होती. असं सामान मग वकील, डॉक्टर, पेढीवाले यांच्या दिवाणखान्यात जायचं. पाहुण्याला बंगईवर बसवायचं आणि आपण खुर्चीत डोलायचं, हा रुबाब वेगळाच.

आणि एक नग गावात आला की सुताराने त्याची नक्कल केलीच म्हणून समजा. इथेच ओळखायची खूण आहे. आपल्याकडे सागवान भरपूर, वाफेवर वाकवायची सोय नाही. म्हणून सुताराने कमान रुंद फळीतून कापून काढली. खुर्ची उलटी करा आणि कमानीचे दोरे पाहा. ते कमानीबरोबर वळत गेले असतील तर लाकूड वाकवलेलं आहे. दोरे सरळच राहून टोकाशी काठाला आडवे तुटत असतील तर ते कापीव काम. कापीव कमान नेमकी त्या टोकाशीच चिरते, बहुतेक जुन्या नगांत तिथे लोखंडी पट्टी ठोकलेली दिसेल. यात कमीपणा नाही. सातपुड्याच्या सागाची, हातकामाची अशी खुर्ची मला परदेशी मालाइतकीच मोलाची वाटते, फक्त ती व्हिएन्नाच्या भावात घेऊ नये. कमानीची खालची कडा मधोमध झिजलेली आणि टोकांकडे जवळजवळ कोरी हवी. कडेपासून कडेपर्यंत सारखीच झिजली असेल तर ती पॉलिश पेपरने 'जुनी' केलेली आहे.

वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ च्या आसपास गेला की या खुर्च्यांचे हाल होतात. सरस सुकून सांधे खिळखिळे होतात, वेत कडक होऊन तुटतो. सैल पडलेल्या जाळीला मात्र घरचा इलाज आहे: खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळू द्यायची, ती ताणून बसते. वरून चकचकीत पीयू पॉलिश मारायचा मोह टाळा. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश पुन्हा उतरवता येतं, पीयू येत नाही.

झुलती खुर्ची आता खपते ती बंगई गेलेल्या घरांत. फ्लॅटच्या स्लॅबला कड्या सोडलेल्या नसतात आणि फरशी तर गुळगुळीत. अशा फरशीवर खुर्ची डोलता डोलता मागे सरकते, तेव्हा मागच्या भिंतीपासून दीड हात सोडून ठेवा आणि खाली सतरंजी अंथरा.