हिवाळ्यासाठी बांधलेलं नीस: एका किनारी शहराची पार्श्वभूमी

जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या नीसला उतरणाऱ्या पाहुण्यांच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे आहेत. जुनी राजेशाही हॉटेलं समुद्रापासून दूर, टेकडीवर आहेत. आणि भर दुपारी समुद्रालगतच्या प्रोमनादवर, म्हणजे फिरायच्या रुंद वाटेवर, सावली मिळत नाही. गोटे तिथे निसर्गानेच आणून टाकलेले. बाकी दोन्हींचं उत्तर शहराच्या इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९२०च्या दशकापर्यंत इथला हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचा आणि एप्रिल-मेमध्ये संपायचा. मे उजाडला की मोठी हॉटेलं दारं लावून घ्यायची. युनेस्कोने २०२१मध्ये नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही ‘रिव्हिएरावरचं (म्हणजे याच किनारपट्टीवरचं) हिवाळी विश्रामनगर’ म्हणूनच. हे एवढं लक्षात ठेवलं, तर रस्ते, रंग, टेकड्या, बागा, सगळ्यांची संगती लागते.

आधी जागेचं गणित. नीसच्या पाठीशी आल्प्सच्या रांगा आहेत आणि समोर दक्षिणेकडे तोंड करून बसलेला अर्धवर्तुळाकार उपसागर. उत्तरेचे गार वारे डोंगर अडवतात, आणि हिवाळ्यातला कललेला सूर्य दिवसभर थेट किनाऱ्यावर पडतो. जानेवारीत दुपारचं तापमान साधारण १३ अंशांपर्यंत जातं, रात्री ५-६ अंशांवर येतं. आपल्याला ही थंडीच वाटेल. पण कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या, दुपारी चारला अंधारणाऱ्या लंडनहून आलेल्या माणसाला इथे जानेवारीत बाहेर बसता येतं, याचंच अप्रूप होतं.

त्यांच्यातलं एक ठळक नाव टोबायस स्मॉलेट. हा स्कॉटिश शल्यवैद्य आणि कादंबरीकार छातीच्या दुखण्याने त्रासलेला होता आणि १७६३ ते १७६५ या काळात नीसला राहिला. त्याने इथल्या हवामानाची रोजची नोंद ठेवली. १७६४च्या मे महिन्यापासून तो समुद्रात स्नान करू लागला, तेव्हा गावकरी चकित झाले आणि डॉक्टर धास्तावले. त्याची प्रवासपत्रं १७६६मध्ये पुस्तकरूपाने निघाली. स्थानिक लोकांविषयी त्यात कडवट मजकूर पुष्कळ आहे, पण हवेची जी स्तुती आहे ती इंग्लंडमध्ये नीट वाचली गेली. त्या काळी नीस फ्रान्समध्ये नव्हतं. १३८८पासून ते साव्हॉय घराण्याकडे, म्हणजे पुढच्या सार्डिनियाच्या राज्यात होतं. १७९२ ते १८१४ हा काळ फ्रेंच अमलाचा. तेव्हा युद्धामुळे इंग्रजांचं येणं आटलं आणि १८१५नंतर पुन्हा सुरू झालं.

आता गोटे. आल्प्समधून उतरणाऱ्या वार आणि पाय्यों या नद्यांनी ते हजारो वर्षं वाहून आणले: करडे, चपटे, तळहाताएवढे. समुद्रतळ किनाऱ्यापासून झपाट्याने खोल जातो, त्यामुळे बारीक वाळू टिकत नाही आणि लाटा थेट काठावर येऊन फुटतात. उतार किती तीव्र आहे हे १६ ऑक्टोबर १९७९ला कळलं. विमानतळालगत नव्या बंदरासाठी समुद्रात टाकलेला भराव अचानक घसरला, त्यातून उठलेली लाट किनाऱ्यावर धडकली आणि माणसं दगावली. शहरातून जाणारी पाय्यों एकोणिसाव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने झाकली गेली. २०१३पासून तिच्यावर लांबच लांब बाग आहे. किनाऱ्याची झीज भरून काढण्यासाठी गोटे ट्रकने आणून टाकावे लागतात.

या उताराचा पाहुण्यांना होणारा त्रास ठरावीक आहे. पाण्यात शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. परतणारी लाट पायाखालचे गोटे ओढून नेते, तोल जातो आणि पुढची लाट पाठीवर येते. म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घालावेत. बाहेर येताना लाटेच्या जोरावर काठापर्यंत यावं आणि लगेच दोन-तीन पावलं वर चढावं. काठावर उभं राहून मागे वळून पाहू नये. पोहता न येणाऱ्याने इथे कमरेएवढ्या पाण्याचाही भरवसा धरू नये, कारण पुढच्या दोन पावलांत तळ सुटतो.

शहराची सगळ्यांत ओळखीची खूण, प्रोमनाद देझांग्ले, दुष्काळी कामातून उभी राहिली. १८२०-२१च्या कडाक्याच्या थंडीने संत्र्या-लिंबांच्या बागा मारल्या आणि कामाविना राहिलेली माणसं गावात भीक मागू लागली. लुईस वे या इंग्रज पाद्र्याने आपल्या समाजाकडून वर्गणी गोळा केली आणि या लोकांना किनाऱ्यालगत वाट बांधण्याचं काम दिलं. पाय्योंच्या मुखाच्या पश्चिमेला जेमतेम दोन मीटर रुंदीची वाट १८२४पर्यंत तयार झाली. पुढे ती नगरपालिकेने घेतली, रुंद केली, लांबवली; आज ती विमानतळापर्यंत सुमारे सात किलोमीटर आहे. तिचा उद्देश एकच होता: आजारी आणि धट्ट्याकट्ट्या पाहुण्यांना हिवाळ्याच्या उन्हात चालता यावं. अशा वाटेवर सावलीची झाडं कोण लावणार? नंतर लावलेल्या ताडमाडांचं काम शोभेचं. त्यांतला कॅनरी बेटांवरचा जाड बुंध्याचा ताड १८६४मध्ये नीसमध्ये आला आणि पुढे साऱ्या किनाऱ्यावर पसरला. अलीकडे लाल सोंड्या भुंग्याने त्यांतले कितीतरी आतून पोखरून मारले आहेत.

रंगांची गोष्टही अशीच नियमांतून आली. १८३२मध्ये सार्डिनियाच्या राज्याची राजधानी असलेल्या तुरीनच्या राजसत्तेने नीससाठी ‘कोन्सिल्यो दोर्नातो’ नावाचं मंडळ नेमलं. रस्त्यांची आखणी, इमारतींचे दर्शनी भाग, कमानी आणि भिंतींचे रंग या मंडळाच्या मंजुरीशिवाय ठरत नसत. मासेना चौकातल्या गेरूच्या तांबड्या भिंती आणि खालच्या कमानी ही त्या शिस्तीची ठळक खूण. पाहुणा येण्याआधीच पाहुण्यासाठी शहर आखून ठेवायचं, हे युरोपात फार कमी ठिकाणी इतक्या लवकर घडलं, आणि नीसच्या इतिहासातली सगळ्यांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

१८६०मध्ये तुरीनच्या तहाने आणि त्यानंतरच्या सार्वमताने नीस फ्रान्सला मिळालं. याच गावात जन्मलेल्या, इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीला हे अखेरपर्यंत मान्य झालं नाही. १८६४मध्ये रेल्वे आली आणि गर्दीचं स्वरूप पालटलं. त्याच वर्षी रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर रेल्वेने इथे पोहोचला. क्रिमियाच्या युद्धानंतर काळ्या समुद्रात आरमार ठेवायला रशियाला मनाई होती, म्हणून शेजारच्या व्हिलफ्राँशच्या खोल बंदराचा आसरा रशियन जहाजं आधीपासूनच घेत होती. १८६५च्या एप्रिलमध्ये रशियाचा युवराज निकोलस नीसमध्येच एका बंगल्यात वारला. त्या जागी आधी छोटं प्रार्थनास्थळ झालं आणि त्याच आवारात १९१२मध्ये कांद्याच्या आकाराच्या घुमटांचं रशियन कॅथेड्रल उभं राहिलं. मुख्य स्टेशनापासून ते चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

मग भव्य हॉटेलं टेकडीवर का? तेव्हाच्या डॉक्टरांच्या मते समुद्राची खारी हवा नाजूक रुग्णांना उत्तेजित करते, त्यांना किनाऱ्यापासून थोडी उंच, कोरडी जागा हवी. सिमिएची टेकडी त्यात बसत होती. व्हिक्टोरिया राणी १८९५ ते १८९९ दरवर्षी वसंतात सिमिएला येत असे. शेवटच्या तीन वर्षांत तिचा मुक्काम १८९७मध्ये उघडलेल्या रेजिना या प्रचंड हॉटेलात होता. सोबत हिंदुस्थानी नोकरवर्ग असे आणि तिला हिंदुस्थानी शिकवणारा मुन्शी अब्दुल करीमही. १८९७मध्ये त्याला सिमिएला नेण्यावरून राणीच्या परिवारातल्या अधिकाऱ्यांनी राजीनाम्याची धमकी दिली होती. राणी बधली नाही. रेजिनाचे पुढे फ्लॅट झाले आणि १९३८पासून चित्रकार मातीस त्यांतल्या एकात राहिला. त्याचं संग्रहालय आणि त्याची कबर दोन्ही याच टेकडीवर आहेत. वर बसने जावं आणि खाली चालत उतरावं, म्हणजे हॉटेलांच्या जुन्या इमारती वाटेत दिसतात.

क्षयरोग्यांचं शहर ही ओळख मात्र फार टिकली नाही. १८८२मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, रोग संसर्गजन्य ठरला आणि डॉक्टर रुग्णांना दाव्होससारख्या उंच ठिकाणी पाठवू लागले. इथे उरले ते मौजेसाठी येणारे.

त्या मौजेचा मोठा वाटा शेजारच्या मोनॅकोने उचलला. १८६१मध्ये माँटन आणि रोकब्रून ही गावं ४० लाख फ्रँकना फ्रान्सकडे गेली आणि या चिमुकल्या संस्थानाचं उत्पन्न संपलं. फ्रान्समध्ये जुगारघरं १८३७च्या अखेरीपासून बंद होती. जर्मनीत हॉम्बुर्गचा कॅसिनो चालवणाऱ्या फ्रांस्वा ब्लाँने ही फट ओळखली. १८६३मध्ये त्याने मोनॅकोचा कॅसिनो हाती घेतला, १८६८मध्ये रेल्वे तिथवर पोहोचली, आणि १८६९मध्ये राजाने रहिवाशांचे कर माफ केले. मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना त्या टेबलांवर बसायची बंदी आहे. परदेशी पाहुण्यांना मूळ पासपोर्ट आणि वयाची १८ वर्षं पूर्ण असणं लागतं; मोबाइलमधल्या फोटोवर अवलंबून राहू नये.

नीसच्या किनाऱ्यावरचं नेग्रेस्को हे गुलाबी घुमटाचं हॉटेल या सगळ्याच्या शेवटच्या टप्प्यात आलं. रोमानियात जन्मलेल्या आंरी नेग्रेस्कोने ते १९१३मध्ये उघडलं. दीड वर्षात महायुद्ध पेटलं, हॉटेलचं लष्करी इस्पितळ झालं आणि १९२०मध्ये मालक कफल्लक अवस्थेत वारला. रशियन सरदार क्रांतीत बुडाले होते, इंग्रजांकडे पूर्वीचा पैसा राहिला नव्हता. हिवाळी हंगामाला घरघर लागली ती इथून.

उन्हाळा आणला तो वेगळ्या लोकांनी. १९२३च्या सुमारास काही अमेरिकन कलावंत आणि धनिक शेजारच्या आँतीबला भर उन्हाळ्यात राहू लागले. उन्हाने रापलेली कातडी तोवर मजुराची खूण मानली जायची, ती आता फॅशन झाली. १९३१मध्ये दुहेरी मार्गिकांच्या रुंद प्रोमनादचं उद्घाटन झालं ते ड्यूक ऑफ कॉनॉटच्या हस्ते. व्हिक्टोरियाचा हा मुलगा १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचा सरसेनापती म्हणून पुण्यात होता, पुणेकरांना कॉनॉट हे नाव त्यामुळेच ओळखीचं. पाठोपाठ १९३६मध्ये फ्रेंच सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि रेल्वेभाड्यात सवलत दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑगस्टची गर्दी कायमची झाली.

प्रोमनादच्या कडेला आज पोलादी तारा आणि खांब दिसतात, ते १४ जुलै २०१६च्या ट्रकहल्ल्यानंतरचे. त्या रात्री ८६ माणसं मारली गेली.

किनाऱ्यावरच्या गाद्या-छत्र्यांच्या खाजगी जागा पाहून अनेकजण समजतात की समुद्रही त्यांचाच आहे. तसं नाही. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा आहे आणि क्लबांना ठरावीक मुदतीचा परवाना असतो. पैसे गादीचे आणि छत्रीचे. पाण्याच्या काठाने चालायला कुणी अडवू शकत नाही. मध्येमध्ये मोफत किनाऱ्याचे पट्टे आणि शॉवर आहेत.

जुन्या गावातला कूर सालेयाचा फुलबाजार सोमवारी नसतो. त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू विकायला असतात. खाण्यात सोका नक्की मागावी: चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचं पातळ मिश्रण तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वरून मिरपूड. बेसनाच्या धिरड्यासारखीच, पण कडा करपलेल्या आणि मध्ये मऊ. ती गरम असतानाच खायची. गार झाली की चिवट होते. शाकाहाऱ्यांनी पिसालादियेरपासून सावध राहावं. वरून कांद्याचा पाव वाटतो, पण त्यात अँचोव्ही मासे असतात.

जायचं कधी, याचं उत्तर इतिहासानेच दिलं आहे. मेमध्ये शेजारच्या कान (कान्स) शहराचा चित्रपट महोत्सव असतो, पाठोपाठ मोनॅकोच्या मोटारशर्यती. त्या दिवसांत सगळ्या किनाऱ्यावर खोल्यांचे दर चढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस सर्वाधिक. फेब्रुवारीत समुद्र जेमतेम १३ अंशांचा, म्हणून पोहणं विसरावं. पण ऊन असतं, डोंगरावर मिमोझा पिवळा फुललेला असतो आणि १८७३पासून आजच्या रूपात भरणारा कार्निव्हल असतो. त्याच सुमारास माँटनला लिंबू महोत्सव भरतो. नीसच्या मुख्य स्टेशनावरून किनाऱ्याने जाणारी लोकल तिथे साधारण पाऊण तासात पोहोचते. जाताना डब्यात उजव्या हाताची खिडकी धरावी, समुद्र त्याच बाजूला असतो, आणि मोनॅकोपर्यंत गर्दी असल्याने पाकीट पुढच्या खिशात ठेवावं.