जुन्या सिट्रोएनचे हाय प्रेशर पाइप घरी बदलताय? आधी हे वाचा

पाइपसोबत पाकिटात बारीक रबरी नळ्यांची एक पुडी आहे, ती आधी जपून ठेवा. बऱ्याच जणांना तो पॅकिंगचा कचरा वाटतो, फेकून देतात आणि मग फोन येतो की पाइप नवीन घातला तरी गळतोय. गळणारच, कारण या गाड्यांमध्ये पाइप सील होतो तो त्या रबरावर, नट कितीही आवळला तरी त्याचा उपयोग नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

हे पत्रक डीएस, जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम आणि झँटिया ठेवणाऱ्यांसाठी आहे. या सिट्रोएन साध्या स्प्रिंगऐवजी पंपाने दिलेल्या ऑइलच्या प्रेशरवर उभ्या राहतात, हे पाइप त्याच ऑइलचे. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच, पण मालक हौशी आहेत आणि बाहेर राहणारे आपले काही लोकही माप पाठवून पाइप मागवतात. २०२१ पासून भारतात विकली गेलेली सी-५ एअरक्रॉस यात येत नाही, तिच्या जाहिरातीत हायड्रॉलिक शब्द आहे पण ते शॉक अब्सॉर्बरच्या आतलं काम, तिला ना पंप ना हे पाइप. आणि २००१ नंतरची जुनी सी-५ किंवा सी-६ असेल तर तिचं ऑइल वेगळं (नारिंगी), पंप इलेक्ट्रिक, प्रेशर काढायला डायग्नोस्टिक मशीन लागतं, त्यामुळे खाली लिहिलेली पद्धत तिला लावू नका.

आधी बघा गळतंय नक्की कुठून

आम्ही पाइप विकतो तरी हे सांगतो, गाडीखाली हिरवे थेंब दिसले म्हणजे हाय प्रेशर पाइपच गेला असं नाही. या सिस्टीममध्ये दोन प्रकारच्या लाइन असतात. एक पंपापासून रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा), हाइट करेक्टर (गाडीची उंची सांभाळणारा वाल्व), सस्पेन्शन सिलिंडर आणि ब्रेककडे जाणाऱ्या स्टीलच्या बारीक लाइन, त्यात प्रेशर. दुसऱ्या रबराच्या नाहीतर प्लास्टिकच्या रिटर्न लाइन, त्या फक्त वापरलेलं ऑइल टाकीत परत आणतात, त्यात प्रेशर जवळपास नसतंच. गाड्या आता म्हाताऱ्या झाल्यात, रबर कडक होऊन तडकतं, आणि रिटर्न लाइनच्या गळतीवर नवीन रबरी पाइप आणि क्लिप एवढंच काम असतं, ते घरी बिनधास्त करा.

हाय प्रेशर पाइप जातो तो बहुतेक गंजून. युरोपात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे कोकण-गोव्याची खारी हवा तेच काम करते. गंज पाइपच्या मधल्या उघड्या भागापेक्षा क्लिपच्या खाली जास्त धरतो, तिथे ओल आणि माती अडकून बसते, म्हणून क्लिप काढून बघा, वरवर चांगला दिसणारा पाइप आत अर्धा खाल्लेला निघतो. मागच्या चाकांच्या वरची बाजू नीट तपासा.

प्रेशर म्हणजे किती

इंजिन चालू असताना मेन सर्किटमध्ये साधारण १४५ ते १७० बार असतं. टायरमध्ये आपण सव्वादोन बार भरतो, म्हणजे त्याच्या पासष्ट ते पंचाहत्तर पट. एवढ्या प्रेशरला सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ऑइल धारेसारखं निघत नाही, धुक्यासारखं दिसतं किंवा दिसतच नाही, आणि कातडीतून सरळ आत घुसतं. म्हणून चालू गाडीत गळती हाताने चाचपायची नाही, हातमोजा घालूनसुद्धा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, जिथे ओला होईल तिथे गळती. डोळ्याला गॉगल लावा.

समजा घुसलंच, तर सुरुवातीला बारीक टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि माणूस म्हणतो हळद लावतो, उद्या बघू. असं करू नका, लगेच हाताचं ऑपरेशन करणारे सर्जन असतील अशा मोठ्या हॉस्पिटलला जा आणि स्पष्ट सांगा की हाय प्रेशरने ऑइल आत गेलंय, डबा सोबत न्या. आत ऑइल पसरत जातं, उशीर झाला तर बोट किंवा हात गमवायची वेळ येते. जेसीबीच्या होजवर काम करणाऱ्यांना हे माहीत असतं, कारवाल्यांना सहसा नसतं.

प्रेशर काढणं

आमच्या मते निम्मं काम हेच आहे. गाडी उंची बदलायच्या लिव्हरने वर घेऊन तिच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, कधीच नाही, कारण पाइप सैल केला की ती एका क्षणात खाली बसते आणि खाली माणूस मावत नाही.

आम्ही सांगतो तो क्रम असा. सपाट जागेवर लिव्हर वर करून गाडी उंच घ्या, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. लक्षात ठेवा, या मॉडेलमध्ये हँडब्रेक पुढच्या चाकांवर असतो, पुढचा भाग उचलला की हँडब्रेकला काही अर्थ राहत नाही, मागच्या चाकांना ठोकळे हवेतच. मग बाहेरूनच, जॅकच्या ठरलेल्या जागी मजबूत स्टँड लावा, विटा आणि लाकडाचे तुकडे नकोत. मग इंजिन चालू ठेवूनच लिव्हर एकदम खाली आणा, बॉडी स्टँडवर बसेल, थोडा वेळ थांबा, गाडी हलवून बघा, आता इंजिन बंद. झँटिया आणि नंतरच्या एक्सएममध्ये गाडी उभी असताना खाली बसू नये म्हणून अँटी-सिंक वाल्व असतात, ते इंजिन बंद झाल्यावर प्रेशर आत धरून ठेवतात, म्हणूनच लिव्हर इंजिन चालू असताना खाली घ्यायचा.

मग रेग्युलेटरवरचा रिलीज स्क्रू, बहुधा १२चा पाना लागतो, एक ते दीड फेरा सैल करा. ऑइल टाकीकडे परत गेल्याचा फुस्स आवाज येतो. स्क्रू पूर्ण काढू नका, आत छोटी गोळी असते, ती पडली की शोधत बसाल. नंतर ब्रेक पेडल बरेच वेळा दाबा. एवढं करून पहिला नट उघडताना त्यावर फडकं गुंडाळा आणि तोंड बाजूला ठेवा, कुठे थोडं प्रेशर राहिलं असेल तर ते फडक्यात जाईल.

पाइप बसवणं

बाहेरून ३.५, ४.५ आणि ६.३५ एमएम अशी मापं असतात. आम्ही क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचा) पाइप देतो, तो गंजत नाही आणि हाताने वळतो. एसीवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप लावू नका, तो व्हायब्रेशनने कडक होऊन तडकतो. साध्या ब्रेक पाइपचं फ्लेअरिंगही (टोक पसरवून सील करणं) इथे चालत नाही. आमच्या पाइपच्या टोकाच्या थोडं मागे एक फुगवटा दिसेल, त्याच्या पुढे पाइपची सरळ चोच राहते, तसंच हवं, ती कापू नका आणि कानस मारू नका.

जुनी रबरी नळी भोकातून काढा (बऱ्याचदा ती आतच राहते, आणि दोन नळ्या एकावर एक बसल्या की गळती पक्की), भोक स्वच्छ पुसा. नवीन नळी एलएचएममध्ये (या गाड्यांच्या हिरव्या ऑइलमध्ये) बुडवून चोचीवर सरकवा, चोच नळीच्या किंचित बाहेर दिसली पाहिजे. पाइप सरळ आत ढकला, चोच आतल्या बारीक भोकात बसल्याचं हाताला कळतं. मग नट बोटांनी फिरवा. बोटांनी आटे धरत नसतील तर पाइपचा कोन चुकलाय, बाहेर काढून पाइप वळवा, पान्याने ओढून आणायचा प्रयत्न केलात तर आटेही जातील आणि रबरही चिमटेल. शेवटी छोट्या फ्लेअर नट पान्याने हलकं आवळा, बस. प्रेशर आलं की रबर स्वतःच फुगून घट्ट बसतं. जास्त आवळणारे लोक पाइपचं टोक चेपतात, आणि तसे चेपलेले पाइप आमच्याकडे परत येतात.

गंजलेला जुना नट सुटत नसेल तर पाइप नटाजवळ कापून टाका, म्हणजे सहा कोनी सॉकेट वरून बसतो.

मधला गंजलेला तुकडा कापून तिथे पितळी कॉम्प्रेशन जॉइंट, ब्रेझिंग, एमसील, किंवा रबरी पाइप आणि दोन क्लॅम्प, असले जुगाड हाय प्रेशर लाइनवर नकोत. या प्रेशरवर ब्रेकही चालतो, बहुतेक मॉडेलमध्ये मागचे ब्रेक तर मागच्या सस्पेन्शनच्याच प्रेशरवर. पूर्ण लाइन बदला. ब्रेक वाल्वला जाणारी लाइन किंवा हायड्रॅक्टिव्हचे (सस्पेन्शन आपोआप कडक-मऊ करणाऱ्या सिस्टीमचे) इलेक्ट्रो-वाल्व असतील तर पाइप आमच्याकडून घ्या पण बसवायला ही सिस्टीम हाताळलेला मेकॅनिकच बोलवा.

ऑइल आणि चालू करणं

हिरवं एलएचएम, दुसरं काही नाही. ब्रेक ऑइल टाकलं तर सगळी सील फुगून बाद होतात, अख्खी सिस्टीम उघडायची वेळ येते. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइलही नको, ते फार जाड. १९६६च्या अखेरीपर्यंतच्या डीएसमध्ये (अमेरिकेत विकलेल्या असतील तर १९६९पर्यंत) लाल ऑइल असायचं, त्याची रबरं वेगळी, तुमची गाडी तशी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, पुडीतल्या नळ्या हिरव्या ऑइलच्या आहेत.

टाकी भरा, रिलीज स्क्रू बंद करा, इंजिन आयडलवर ठेवा. लिव्हर खाली-वर चार-पाच वेळा थांबत थांबत न्या, सस्पेन्शनमधली हवा बरीचशी आपोआप टाकीत येते. ब्रेकची लाइन उघडली असेल तर ब्रेक वेगळे ब्लीड करावे लागतील. लेव्हल बघायची ती गाडी सगळ्यात उंच आणि इंजिन चालू असताना. पुठ्ठा लांबून फिरवून प्रत्येक जॉइंट बघा, सायलेन्सरवर सांडलेलं ऑइल पुसून घ्या, ते पेटतं. पंपाजवळची टकटक दर काही सेकंदाला येत राहिली आणि पाइप कोरडे असतील तर दोष पाइपचा नाही, अक्युम्युलेटरचा (प्रेशर साठवणारा) गोळा निकामी झाला असण्याची शक्यता जास्त.

ऑर्डर देताना

जुना पाइप सरळ करू नका, वाकडा आहे तसाच पाठवा, तुटला असेल तर सगळे तुकडे पाठवा. पाइप नसेलच तर गाडीवर त्याच वाटेने जाड तार वळवून द्या, नुसती लांबी सांगून वळणं जमत नाहीत. दोन्ही टोकांच्या नटांचे फोटो, मॉडेल आणि वर्ष लिहा. आणि कृपा करून आतलं ऑइल निथळवून प्लास्टिकमध्ये बांधा, तेलकट पार्सल कुरियरवाले घेत नाहीत.