मॅथरचं काम कोणतं, ऑलब्राइटचं कोणतं?

अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास उघडा, १९१५ ते १९३३ या काळात दोन नावं हटकून जोडीने येतात: स्टीफन मॅथर आणि होरेस ऑलब्राइट. दोघेही कॅलिफोर्नियाचे, दोघेही बर्कलीच्या विद्यापीठात शिकलेले, दोघेही राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक. मॅथर पहिला, ऑलब्राइट दुसरा. त्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जाते. बरेच लेख तर ‘मॅथर संस्थापक आणि ऑलब्राइट त्याचा मदतनीस’ एवढ्यावर भागवतात. मला ही वाटणी पटत नाही.

मॅथर १८६७चा. काही वर्षं न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्रात बातमीदारी केली आणि मग वडील होते त्याच कंपनीत शिरला; ती बोरॅक्स, म्हणजे धुलाईत वापरायचं एक खनिज, खणून विकायची. डेथ व्हॅलीतून बोरॅक्स ओढून आणणाऱ्या वीस खेचरांच्या गाड्या ही त्या कंपनीची खूण अमेरिकेत घरोघरी पोचली, त्यामागे जाहिरातीचं हे डोकं होतं. पुढे भागीदारीत स्वतःची बोरॅक्स कंपनी काढून त्याने गडगंज पैसा केला. डोंगर चढायची हौस होती, सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संघटनेचा सभासद होता. ऑलब्राइट १८९०चा, म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षांनी लहान. बिशप नावाच्या छोट्या गावातला मुलगा. १९१३ मध्ये तो वॉशिंग्टनला अंतर्गत कामकाज खात्यात (उद्यानं याच खात्याकडे होती) साध्या नोकरीला लागला आणि ती सांभाळून त्याने कायद्याचं शिक्षण पुरं केलं.

उद्यानांची दुरवस्था पाहून मॅथरने खात्याचा मंत्री फ्रँकलिन लेन याला पत्र लिहिलं आणि ‘कारभार आवडत नसेल तर इथे येऊन तुम्हीच करा’ असं उत्तर त्याला आलं, असा किस्सा सगळीकडे सांगतात. तो किस्सा म्हणूनच घ्यावा. नक्की एवढं, की जानेवारी १९१५ मध्ये मॅथर लेनचा सहायक म्हणून रुजू झाला आणि तरुण ऑलब्राइट त्याच्या हाताखाली आला.

तेव्हा उद्यानं होती, पण उद्यानांचं खातं नव्हतं. यलोस्टोन १८७२ पासूनचं. तिथे १८८६ पासून लष्कर पहारा देत होतं. बाकीची उद्यानं ज्याच्या त्याच्या नशिबाने चालत. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की वनखातं आणि १९७२चा वन्यजीव कायदा आपण गृहीतच धरतो. तिथे सगळ्या उद्यानांसाठी असं एक कार्यालयसुद्धा नव्हतं.

हे कार्यालय उभं करायचं तर संसदेचं मन वळवायला हवं होतं, आणि मॅथरचा हात त्यात कुणी धरला नसता. जुलै १९१५ मध्ये त्याने निवडक वजनदार माणसांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात दोन आठवड्यांची सहल काढली. ‘नॅशनल जिओग्राफिक’चा गिल्बर्ट ग्रोव्हनर, पुढे सभापती झालेला खासदार फ्रेडरिक जिलेट, रेल्वे कंपनीचा मोठा अधिकारी, असे पाहुणे. टाय सिंग हा चिनी आचारी त्या रानात असा स्वयंपाक करी की पाहुणे थक्क होत. सहलीचा खर्च मॅथरच्या खिशातून. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटी उद्यानातून जाणारा जुना टायोगा रस्ता त्याने स्वतःच्या आणि मित्रांच्या पैशाने विकत घेऊन सरकारला देऊन टाकला. प्रसिद्धीसाठी त्याने रॉबर्ट स्टर्लिंग यार्ड या जुन्या पत्रकार मित्राला आणलं. त्याला सरकारकडून नाममात्र रक्कम मिळे, खरा पगार मॅथर देई. १९१६ मध्ये उद्यानांचं देखणं चित्रपुस्तक छापून मान्यवरांना वाटलं गेलं, त्याचा मोठा खर्च पश्चिमेकडच्या सतरा रेल्वे कंपन्यांनी उचलला. प्रवासी वाढले तर तिकिटं खपणार होती ना! आजच्या लेखापरीक्षकाला घेरी येईल असा हा सगळा मामला. संसदेने सरकारी नोकरांच्या अशा खासगी पगारांवर बंदी घातली, तेव्हा कुठे त्यातला एक भाग थांबला.

विधेयकाचा मसुदा, दुरुस्त्या, दोन्ही सभागृहांतली ये-जा या रोजच्या चिवट कामात मात्र ऑलब्राइट होता. एकटा नव्हे, खासदार विल्यम केंट, सिनेटर रीड स्मूट, उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड धाकटा, अशी बरीच मंडळी त्यात होती. २५ ऑगस्ट १९१६ रोजी अध्यक्ष विल्सनची सही झाली तेव्हा मॅथर कॅलिफोर्नियात डोंगरांत होता. सही त्याच रात्री व्हावी म्हणून धावपळ केली ऑलब्राइटने, अध्यक्षांनी सही केलेलं पेन मॅथरसाठी मागून घेतलं ऑलब्राइटने, आणि तार पाठवली तीही त्यानेच.

आता १९१७. ‘संस्थापक आणि मदतनीस’ ही वाटणी इथे मोडते. जानेवारीत वॉशिंग्टनला उद्यानांची परिषद झाली आणि तिच्या पाठोपाठ मॅथर कोसळला. त्याला टोकाच्या उत्साहाचे आणि टोकाच्या खिन्नतेचे झटके येत. १९०३ मध्येही असंच झालं होतं. या खेपेला त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं आणि बरेच महिने तो कामावर नव्हता. कायदा झाला होता, पण कायद्याने घडवायची सेवा अजून कागदावरच होती: पैसे मंजूर नाहीत, माणसं नेमलेली नाहीत. अशा वेळी सत्तावीस वर्षांचा ऑलब्राइट हंगामी संचालक झाला. संसदेच्या समितीपुढे जाऊन पैसे मागितले त्याने, माणसं जमवली त्याने. मे १९१७ मध्ये संचालकपदावर रीतसर नाव लागलं ते मॅथरचं. कारभार मात्र ऑलब्राइट हाकत होता, आणि मॅथरला नेमकं काय झालंय याचा बाहेर फारसा बोभाटा होऊ दिला नाही. एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि ‘देशाला मांस हवं, लोकर हवी’ म्हणत गुरांचे नि मेंढ्यांचे मालक उद्यानांतल्या कुरणांवर डोळा ठेवून आले. खुद्द लेनचं मनही त्यांच्याकडे झुकत होतं. योसेमिटीत काही गुरं सोडावी लागली, पण ऑलब्राइटने मेंढ्यांचा प्रस्ताव नेटाने रोखून धरला.

श्रेयाची खरी गंमत पुढच्या वर्षीच्या एका कागदात आहे. १३ मे १९१८चं हे पत्र उद्यान सेवेची पहिली धोरणसंहिता मानतात. उद्यानं पुढच्या पिढ्यांसाठी जशीच्या तशी राखायची. ती लोकांच्या वापरासाठी, आरोग्यासाठी, आनंदासाठी आहेत. आणि प्रत्येक निर्णय देशाचं हित पाहून घ्यायचा, अशी तीन तत्त्वं त्यात आहेत. पत्रावर सही लेनची, पत्र मॅथरला उद्देशून, आणि मजकुराची जुळणी प्रामुख्याने ऑलब्राइटची. म्हणून ‘लेनचं पत्र’ किंवा ‘मॅथरचं धोरण’ असं कुठे वाचलंत तर तिसरं नाव मनात धरा.

मॅथर बरा होऊन परतल्यावर ऑलब्राइट १९१९ मध्ये यलोस्टोनचा अधीक्षक झाला आणि तिथे दहा वर्षं राहिला. या काळात मॅथर पुन्हा मूळ रंगात. ग्लेशियर उद्यानात रेल्वे कंपनीने हॉटेलच्या बांधकामासाठी लाकूड चिरायची गिरणी उभारली होती. सांगूनही ती हलवेनात, तेव्हा १९२५ मध्ये त्याने ती पाहुण्यांदेखत सुरुंग लावून उडवली. हे ऑलब्राइटने केलं नसतं. तो टेटन पर्वतांच्या पायथ्याची जमीन वाचवायला गेला तो अतिश्रीमंत तेलसम्राटाचा मुलगा, धाकटा जॉन रॉकफेलर, याला सोबत घेऊन. १९२६ मध्ये त्याने रॉकफेलरला पायथ्याचं जॅक्सन होल हे खोरं दाखवलं, मग रॉकफेलरने वेगळ्या नावाच्या कंपनीमार्फत तिथे गुपचूप सुमारे ३५,००० एकर विकत घेतले, स्थानिक राजकारण पेटलं, आणि ती जमीन टेटन उद्यानाच्या पदरात पूर्णपणे पडायला १९५० उजाडलं.

तरी ऑलब्राइटला संत करण्याचं कारण नाही. त्याच्या यलोस्टोनमध्ये अस्वलं कचऱ्यावर ताव मारताना पाहायला प्रेक्षकांची गर्दी जमवली जाई, आणि १९२६ पर्यंत तिथले लांडगे मारून संपवले गेले. शिकारी प्राण्यांनाही उद्यानात हक्काची जागा आहे, हे धोरण त्याने संचालक म्हणून १९३१ मध्ये जाहीर केलं. लांडग्यांच्या दृष्टीने फारच उशिरा.

नोव्हेंबर १९२८ मध्ये मॅथरला पक्षाघात झाला, जानेवारी १९२९ मध्ये ऑलब्राइट संचालक झाला, आणि पुढच्या जानेवारीत मॅथर गेला. ऑलब्राइटच्या कारकिर्दीचा मोठा डाव १९३३चा. एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्टसोबत मोटारीतून परतताना त्याने इतिहासाच्या जागांचा विषय काढला. रणभूमी, स्मारकं आणि राजधानीतल्या बागा वेगवेगळ्या खात्यांकडे विखुरल्या होत्या. त्या एका आदेशाने ऑगस्टमध्ये उद्यान सेवेकडे आल्या. पश्चिमेकडचे डोंगर सांभाळणारं खातं यामुळे देशभराचं झालं. हे काम हातात पडताच त्याने राजीनामा दिला आणि पोटॅश हे खताचं खनिज खणणाऱ्या कंपनीत गेला. एक खाणीतून उद्यानांत आला, दुसरा उद्यानांतून खाणीत गेला.

ऑलब्राइट १९८७ पर्यंत, वयाच्या ९७ व्या वर्षापर्यंत जगला. मॅथरनंतर तब्बल ५७ वर्षं. १९१७ची ती आजारपणाची हकीकत बाहेर आली तीही बरीचशी त्याच्याच आठवणींतून. म्हणजे आपण ज्याला मॅथर म्हणून ओळखतो तो बराचसा ऑलब्राइटने सांगितलेला मॅथर आहे. साहेबाबद्दल तो आदराने आणि मायेने बोलतो, पण घटनांच्या मध्यभागी सांगणारा उभा असतो, एवढं भान ठेवून वाचावं.

नावांचा घोळ तर सेवेने स्वतःच वाढवलाय. दोघांच्याही नावाने तिची प्रशिक्षण केंद्रं आहेत. मॅथरचं पूर्वेला हार्पर्स फेरी या गावात आणि ऑलब्राइटचं ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, जिथला दरी पाहण्याचा सगळ्यात गर्दीचा सज्जा म्हणजे मॅथर पॉइंट.