स्थलांतराच्या बातम्यांतील शिक्केवजा शब्द

बाहेरून आलेल्या माणसाचे मूळ ठिकाण, त्याची कायदेशीर स्थिती आणि त्याच्यावरचा आरोप या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की तो शब्द वर्णन राहत नाही, शिक्का होतो. 'घुसखोर', 'परप्रांतीय', 'भय्या', 'उपरे', 'लोंढे', 'बांगलादेशी' हे मराठी वृत्तपत्रांत आणि भाषणांत नेहमी भेटणारे असे शब्द. शिक्का बसला की पुरावा मागण्याची कुणाला गरज वाटत नाही. सातारा आणि सांगली हे जिल्हे माणसे बाहेर पाठवतात आणि बाहेरची माणसे कामाला घेतातही, त्यामुळे येथे या शब्दांच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात.

कायद्यातील शब्द आणि बातमीतील शब्द

'घुसखोर' हा कायद्याचा शब्द नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ मध्ये २००३ च्या दुरुस्तीने 'बेकायदेशीर स्थलांतरित' अशी व्याख्या आली. वैध पारपत्र वा प्रवासाच्या कागदपत्रांशिवाय आलेला, किंवा वैध कागदपत्रांवर येऊन मुदत उलटल्यावरही राहिलेला परदेशी नागरिक, असा तिचा अर्थ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना या व्याख्येतून वगळले. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्याप्रमाणेच नव्या कायद्यातही त्या व्यक्तीवरच आहे. म्हणून तपास चालू असताना 'संशयित' आणि 'घुसखोर' यांतले अंतर फार मोठे असते. पहिल्याला कागद दाखवायची संधी अजून आहे. दुसऱ्याचा निकाल मथळ्यातच लागलेला असतो.

'निर्वासित' या शब्दाला १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात नेमका अर्थ आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशा सकारण भीतीने देशाबाहेर पडलेली व्यक्ती. भारताने या करारावर सही केलेली नाही. त्यामुळे तिबेटी किंवा श्रीलंकेतील तमिळ लोकांना येथे मिळणारे संरक्षण प्रशासकीय आदेशांवर चालते.

'परप्रांतीय' शब्दाची अडचण निराळी आहे. राज्यघटनेच्या कलम १९ नुसार नागरिकाला भारतात कोठेही फिरण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क आहे. उत्तर प्रदेशातून कुपवाडच्या किंवा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत आलेला कामगार कायद्याच्या दृष्टीने कसलीही हद्द ओलांडत नाही. तरीही एकाच पानावर 'परप्रांतीय' आणि 'घुसखोर' शेजारी शेजारी छापले जातात आणि वाचकाच्या मनात दोघांची सरमिसळ होते.

इतर देशांतील वाद

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ मध्येच कागदपत्रांविना असलेल्या कामगारांसाठी 'अनियमित' किंवा 'दस्तऐवज नसलेले' असे शब्द वापरावेत, अशी शिफारस केली होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेतून 'बेकायदेशीर स्थलांतरित' हा प्रयोग काढला. कृती बेकायदेशीर असू शकते, माणूस नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. ऑगस्ट २०१५ मध्ये अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीने भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या लोकांना सरसकट 'स्थलांतरित' म्हणणे थांबवले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'बेकायदेशीर परके' हे विषयशीर्षक बदलायचे २०१६ मध्ये जाहीर केले, त्यावर संसदेत वाद पेटला आणि बदल व्हायला २०२१ उजाडले. तेथील सरकारी खात्यांत तर शब्द सत्तेबरोबर बदलतात. २०२१ मध्ये सौम्य केलेली भाषा २०२५ मध्ये पुन्हा पूर्वपदावर गेली.

हा वाद जसाच्या तसा मराठीत आणता येत नाही. व्हिसाची मुदत संपल्यावर नुसते राहणे हा अमेरिकेत दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, भारतात तो फौजदारी गुन्हा आहे. तेथील युक्तिवाद उचलताना हा फरक सांगितला नाही, तर विरोधी बाजूला एका वाक्यात तो खोडता येतो.

शिक्का बातमीत कसा शिरतो

जिल्हा पातळीवरच्या बातमीत तो बहुधा पोलिसांच्या प्रेसनोटमधून येतो. आरोपीच्या नावापुढे वय, व्यवसाय, 'सध्या रा.' आणि 'मूळ रा.' असा तपशील असतो. बातमी लिहिणारा दोन्ही पत्ते उतरवून घेतो. मथळा करताना उपसंपादकाकडे जागा कमी असते, म्हणून 'सध्या रा. कुपवाड' गळते आणि 'मूळ रा.'चा 'परप्रांतीय' होतो. पुढे मोबाइलवर फिरतो तो फक्त मथळ्याचा फोटो. दहा वर्षे कुपवाडला भाड्याने राहणारा माणूस तेवढ्यात बाहेरून आलेला ठरतो. हाच माणूस यंत्रात हात सापडून जखमी झाला, तर मथळा 'कामगार जखमी' असा येतो आणि त्याचा प्रांत नाहीसा होतो. आरोपीला मूळ गाव आणि जखमीला धंदा, ही विषमता एका बातमीत लक्षात येत नाही. महिनाभराची कात्रणे समोर ठेवली की दिसते.

भाषेवरून नागरिकत्व ठरवणे ही सर्वांत घातक चूक. सराफ कट्ट्यावरचे बंगाली कारागीर हे बहुधा पश्चिम बंगालचे असतात. बंगाली ही त्रिपुराची आणि आसामच्या बराक खोऱ्याचीही भाषा आहे. पडताळणीसाठी ठाण्यात बोलावलेल्या कारागिराची बातमी 'बांगलादेशी ताब्यात' अशी लागली आणि संध्याकाळी कागद पाहून त्याला सोडले, तरी भाड्याची खोली आणि काम दोन्ही जाऊ शकते. आधार कार्डाबाबतही दुहेरी गोंधळ आहे. २०१६ च्या आधार कायद्यानुसार आधार क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. त्यामुळे 'आधार आहे म्हणून भारतीय' हे चूक आणि 'आधार बनावट म्हणून बांगलादेशी' हेही तितकेच चूक. बनावट कागदाचा गुन्हा वेगळा, राष्ट्रीयत्वाचा निर्णय वेगळा.

भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेत जातीचा अवमानकारक उल्लेख टाळावा असे म्हटले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये तर धर्म आणि भाषेबरोबर जन्मस्थान व निवासस्थान यांवरून वैर पसरवणे हाही गुन्हा आहे. जन्मस्थानाचा हा भाग संपादकीय टेबलांवर फारसा आठवला जात नाही.

ऊसतोड टोळ्या

गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर, सोलापूरकडून आणि सांगलीच्याच जत तालुक्यातून मजूर कराड, वाळवा भागात येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, मजुराच्या हातात थेट पडत नाही. वाहनमालक मुकादमाशी करार करून रक्कम देतो आणि मुकादम ती कोयत्यांमध्ये वाटतो. टोळी आली नाही की वाहनमालक फसवणुकीची फिर्याद देतो. त्याचे नुकसान खरे असते, कित्येकदा ते पैसे कर्ज काढून दिलेले असतात. पण 'ऊसतोड मजुरांनी लाखोंना गंडवले' असा मथळा देताना रक्कम मुकादमाकडे अडकली की मजुरांपर्यंत पोचली, हे तपासलेले नसते. फिर्यादीत आरोपी म्हणून एकट्या मुकादमाचे नाव असते आणि मथळ्यात सगळी टोळी. येथे योग्य शब्द सोपा आहे: ज्याच्यावर गुन्हा, त्याचेच पद लिहावे.

याच जिल्ह्यांतून बाहेर गेलेले

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातील सोने-चांदी गलाईचा, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय करणारी कुटुंबे दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत देशभर पसरली आहेत. माण, खटाव, पाटण, जावळीतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबली. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या हमालांची संघटना उभारली आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. गावी यांना 'मुंबईकर' किंवा 'गलाईवाले' म्हणतात आणि त्यात मान असतो. विट्याचा माणूस केरळात दुकान थाटतो तेव्हा तो 'व्यावसायिक', हुगळीचा माणूस सांगलीत येतो तेव्हा तो 'परप्रांतीय'. दोघांचा प्रवास सारखाच आहे.

गोड शब्दही निर्दोष नसतात. केरळ सरकार बाहेरच्या राज्यांतील कामगारांना 'अतिथी कामगार' म्हणते. हेतू चांगला, पण पाहुण्याने कधीतरी परतायचे असते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या गलाई कुटुंबाला तो शब्द लावला, तर त्याचे तिथले घरच नाकारल्यासारखे होते.

स्वतःहून मागितलेले नाव याच्या उलट काम करते. कोयना धरणात गावे गेलेल्यांनी आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घरे पडलेल्यांनी 'धरणग्रस्त', 'भूकंपग्रस्त' ही नावे दाखल्यावर मिळवली. शासकीय भरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के आणि भूकंपग्रस्तांना २ टक्के समांतर आरक्षण आहे. या शब्दांत नुकसान कोणामुळे वा कशामुळे झाले ते नोंदलेले असते आणि देणे कोणाकडे आहे तेही कळते. 'विस्थापित' आणि 'स्थलांतरित' हे म्हणूनच एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पहिल्याला घालवलेले असते, दुसरा निघालेला असतो.

आकडा नसलेला पूर

'लोंढे', 'लाट' हे शब्द माणसांची संख्या न सांगता भीती सांगतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असते. 'परप्रांतीयांचे लोंढे' लिहिणाऱ्या बातमीत अशी कोणतीच पट्टी नसते. संख्या द्यायचीच तर कशाची ते सांगावे लागते. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले गेले, पण त्यांत लग्नानंतर सासरी गेलेल्या स्त्रिया सर्वांत जास्त होत्या. हा आकडा रोजगाराच्या बातमीत टाकला की तो खरा असूनही खोटे सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवून अटक केली. त्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. पुरंदर आणि सातारा येथे अशा कुटुंबांसाठी पॅरोल केंद्रे, म्हणजे अटींवर देखरेखीखाली राहण्याची ठिकाणे, होती. याच काळात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती आणि तेथील रहिवाशांना मात्र 'निर्वासित' म्हटले गेले. युद्धाने हाकललेल्या या दोन्ही गटांना कशी वागणूक मिळावी, हे मोठ्या प्रमाणात कागदावरच्या शब्दाने ठरवले.

दुरुस्ती

चुकीचा शब्द छापला गेला तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दिलेल्या चार ओळी पुरत नाहीत, कारण शोधात जुना मथळाच वर येतो. ऑनलाइन बातमीचा मथळा, फोटोखालची ओळ आणि दुव्यातील शब्द, तिन्ही बदलावे लागतात. दुव्यातला शब्द बहुतेकदा राहून जातो. बातमीच्या वरच काय बदलले आणि कोणत्या तारखेला, हे लिहावे. अटकेची बातमी जितक्या कॉलमांत लावली, सुटकेचीही तितक्याच कॉलमांत लावावी आणि तीत 'परप्रांतीय' असल्यास काढून 'रा. कुपवाड' लिहावे.