शिकवणारे कलाकार आणि त्यांच्या नावाचा घोळ: टीचिंग आर्टिस्ट या पेशाची पार्श्वभूमी

मराठीत या लोकांना नेमकं म्हणायचं काय, इथूनच अडतं. कलाशिक्षक म्हटलं की शाळेतले ड्रॉइंगचे सर किंवा बाई डोळ्यासमोर येतात, म्हणजे पगारावर असलेले, मस्टरवर सही करणारे, शिकवण्याची पदविका घेतलेले. कलाकार म्हटलं की शिकवणं हे पोटापाण्यासाठीचं जोडकाम असणार असं लोक धरूनच चालतात. मग जी नर्तकी आठवड्यातले तीन दिवस मुलांबरोबर काम करते, उरलेले दिवस स्वतःच्या तालमीला जाते आणि जिला ही दोन्ही कामं एकाच कामाचे भाग वाटतात, तिला काय म्हणायचं? इंग्रजीत यासाठी गेली पन्नासेक वर्षं टीचिंग आर्टिस्ट हा शब्द चालतो आणि आपणही तोच उचललाय. तो कुठल्या परिस्थितीत आला हे बघितलं की मानधन, कॉन्ट्रॅक्ट, सर्टिफिकेट यांवरचे आजचे वाद बरेच उलगडतात.

जुनं थोडक्यात सांगतो. शाळांमध्ये ड्रॉइंग आलं ते बऱ्याच ठिकाणी कारखान्यांची गरज म्हणून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८७० मध्ये कायदाच केला, की १०,००० पेक्षा जास्त वस्तीच्या गावांनी १५ वर्षांवरच्या लोकांना औद्योगिक ड्रॉइंग फुकट शिकवायचं. तेव्हाचं शिकवणं म्हणजे तक्त्यावरची आकृती जशीच्या तशी उतरवणं, त्यामुळे कलाकाराची गरजच नव्हती. याच्या अगदी उलट गोष्ट १८९७ मध्ये व्हिएन्नात झाली. तिथल्या एका तरुण चित्रकारानं मुलांसाठी वेगळा क्लास सुरू केला. तो एका सुताराच्या घरी भाड्यानं राहायचा, घरातली मुलं त्याचं काम बघायला यायची, त्यांना त्यानं कागद आणि रंग दिले आणि त्यांनी जे काढलं ते बघून तो थक्क झाला. मी काही शिकवत नाही, असं तो म्हणायचा. नंतर अभ्यासकांनी त्या क्लासमधली चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली तेव्हा एक ठरावीक शैली स्पष्ट दिसली, म्हणजे शिकवणं चालू होतंच. हा क्लास १९३८ पर्यंत चालला.

त्याच्याकडे काही काळ शिकलेली आणि पुढे बाउहाउस या जर्मन कलाशाळेत घडलेली एक चित्रकर्ती डिसेंबर १९४२ मध्ये तेरेझीनला, नाझींनी ज्यूंना कोंडायला केलेल्या वस्तीत, डांबली गेली. तिथे ती लपूनछपून मुलांना चित्रकला शिकवत होती. मिळेल तो कागद, अगदी ऑफिसातले पाठकोरे फॉर्मसुद्धा. प्रत्येक मुलानं चित्रावर स्वतःचं नाव लिहायचं, हा तिचा आग्रह असायचा. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रं राहिली आणि त्यातल्या बऱ्याच मुलांची आज तेवढीच खूण उरलीये. या पेशाचा इतिहास लिहिताना लोक फंडिंगपासून सुरुवात करतात, मला मात्र ही बाई वगळून पुढे जाता येत नाही.

पगाराचा विषय मोठ्या प्रमाणावर आला तो तीसच्या दशकातल्या महामंदीत. १९३५ पासून अमेरिकन सरकारनं बेकार कलाकारांना पगारावर घेतलं, काहींनी सरकारी इमारतींवर म्युरल्स केली आणि बऱ्याच जणांनी मुलांना आणि मोठ्यांना शिकवलं. त्या योजनेतून देशभर शंभराहून जास्त कम्युनिटी आर्ट सेंटर्स उभी राहिली. तिथे शिकवणं हेच कलाकाराचं काम म्हणून मोजलं जायचं आणि त्याचा पगार मिळायचा. १९४३ मध्ये योजना बंद झाली, पण ज्या मुलांनी तिथे पहिल्यांदा ब्रश धरला त्यातली काही पुढे नामवंत चित्रकार झाली.

आता मुद्द्याचा काळ, १९६९ ते १९७८. १९६९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं कलाकारांना शाळेत पाठवायची योजना सुरू केली, कवींचा प्रयोग त्याआधीच सुरू झाला होता. कल्पना अशी की कलाकारानं शिक्षकाची जागा घ्यायची नाही, त्यानं शाळेत येऊन आपलं काम करायचं आणि मुलांनी ते जवळून बघायचं. १९७४ मध्ये एका नावाजलेल्या कलाशिक्षणतज्ज्ञानं यावर जाहीर प्रश्न विचारला, की यानं मुलांमध्ये फरक पडतो याचा पुरावा कुठंय? प्रश्न रास्त होता आणि त्याला तेव्हा धड उत्तर मिळालं नाही. पण त्यामुळे एक समज कायमची चिकटली, की कलाकार येतो, दोन दिवस धमाल होते आणि जातो, खरं शिक्षण शिक्षकच देतो. जे कलाकार वर्षानुवर्षं त्याच शाळेत जात होते तेही या शिक्क्याखाली आले आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

मग १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या तोंडाशी आलं. हजारो शिक्षकांना काढलं, आणि कला-संगीताच्या शिक्षकांवर कुऱ्हाड फार जोरात पडली. शहरातल्या कित्येक मुलांना प्राथमिक शाळेत रंगांचा तास म्हणून उरला नाही. १९७७ मध्ये एका कलासंग्राहक बाईंनी पुढाकार घेऊन एक संस्था काढली, जी काम करणारे चित्रकार-शिल्पकार सरकारी शाळांमध्ये पाठवू लागली, आणि ती आजही चालू आहे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात जनमत घेऊन मालमत्ता कराला मूल्याच्या १ टक्क्याची मर्यादा घातली गेली, शाळांचा पैसा आटला, आणि तिथेही हेच झालं. कायमची पोस्ट गेली, तासावर येणारा कलाकार आला.

इथूनच तो वाद सुरू झाला जो अजून मिटलेला नाही. शिक्षक संघटनांचं म्हणणं की बाहेरचे कलाकार आले म्हणून काढलेल्या पोस्ट परत भरायची गरजच कुणाला वाटली नाही, कमी पैशात भोक बुजलं. कलाकारांचं म्हणणं की आम्ही कुणाला काढलं नाही, मुलं रिकामी बसली होती म्हणून आम्ही गेलो. माझं मत विचाराल तर बजेट कापणाऱ्यांचा दोष वर्गात जाणाऱ्यांच्या माथी मारणं चूक आहे. मात्र संघटनांचं म्हणणं पूर्ण खोटंही नव्हतं, कारण आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन मातीकाम घेतंय म्हटल्यावर पूर्णवेळ शिक्षक मागायचा जोर कमी होतोच.

टीचिंग आर्टिस्ट हा शब्द याच धामधुमीच्या सुरुवातीला, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या कलासंकुलाच्या शिक्षण विभागात तयार झाला. तोपर्यंत तिथे या लोकांना रिसोर्स प्रोफेशनल म्हणायचे. विभाग चालवणाऱ्या बाईंना ते कोरडं नाव अजिबात आवडत नव्हतं, म्हणून त्यांनी हे नवं नाव काढलं. यात नाम आहे आर्टिस्ट, आणि टीचिंग हे त्याचं विशेषण. म्हणजे माणूस मुळात कलाकार, शिकवणं ही त्याच्या कलेची एक बाजू. मान द्यायला हे फार छान झालं. पण मुळात कलाकार म्हटल्यामुळे संस्थेला सोपंही झालं, तो आपला कर्मचारी नाही, फ्रीलान्सर आहे, तासाचे पैसे दिले की हिशोब संपला, तयारीचे, मीटिंगचे, प्रवासाचे तास कुणी मोजायचे नाहीत. एकाच शब्दानं ओळख दिली आणि नोकरीपासून लांबही ठेवलं.

बाकीच्या देशांतली नावं बघितली की हे जास्त जाणवतं. इटलीत रेज्जो एमिलिया शहरानं १९६३ पासून नगरपालिकेच्या बालशाळा काढल्या आणि त्यात अतेलिएरिस्ता नावाची जागा निर्माण केली. ही व्यक्ती कलेचं शिक्षण घेतलेली असते, शिक्षकाची पदवी लागत नाही, शाळेतच तिचा स्टुडिओ असतो आणि ती रोजच्या स्टाफचा भाग असते. म्हणजे कलाकार घ्यायचा तर तो तात्पुरताच असणार, हा काही निसर्गनियम नाही, तिथे साठच्या दशकातच वेगळं करून दाखवलंय. इंग्लंडमध्ये २००२ ते २०११ एक मोठा सरकारी कार्यक्रम चालला, त्यात शब्द होता क्रिएटिव्ह प्रॅक्टिशनर. या नावात कलाकारही गेला आणि शिक्षकही गेला, त्यामुळे आर्किटेक्ट, फिल्मवाले, अगदी शास्त्रज्ञसुद्धा त्यात बसू शकत होते. २०१० च्या काटकसरीत त्याचा निधी काढून घेतला आणि उभं राहिलेलं जाळं विस्कटलं. दक्षिण कोरियात २००५ मध्ये कला-संस्कृती शिक्षणाचा स्वतंत्र कायदाच झाला आणि कलाकारांना शाळांत पाठवणं ही सरकारी व्यवस्था बनली, तिथला शब्द सरळ कला-प्रशिक्षक असा आहे. २०१२ मध्ये ऑस्लोला या लोकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्यात निदान एक नाव सगळ्यांनी धरलं, ते टीचिंग आर्टिस्ट.

आणि मग कॅलिफोर्नियात या नावाची कायदेशीर परीक्षा झाली. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फ्रीलान्सर कोण हे ठरवायला तीन कसोट्या घातल्या आणि १ जानेवारी २०२० पासून त्याचा कायदा लागू झाला. गाड्या चालवणाऱ्या ॲपवाल्यांमुळे तो गाजला, पण कलाकारांना लागली ती दुसरी कसोटी. काम करणारा माणूस कामावर घेणाऱ्याच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं काम करतो का? नाटक शिकवणाऱ्या संस्थेसाठी नाटकाचा क्लास घेणं हा तर संस्थेचा मूळ धंदाच. म्हणजे कलाकार कर्मचारी ठरला, त्याचा पेरोल, विमा, आजारपणाची रजा सगळं आलं. छोट्या संस्था हादरल्या, क्लास बंद करावे लागतील म्हणाल्या आणि त्यांची भीती खरी होती, पण वीस वर्षं शिकवूनही ज्यांना आजारपणाचा एक दिवस भरपगारी मिळाला नव्हता त्यांची बाजू त्या गदारोळात कमी ऐकू आली. सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. त्यात एक बारीक कलम आहे, सादरीकरणाच्या संस्थेनं एखाद्या खास कलाकाराला मास्टर क्लाससाठी बोलावलं तर सूट, पण जास्तीत जास्त एका आठवड्यापुरती. म्हणजे पाहुणा कुठे संपतो याची रेघ कायद्यानं सात दिवसांवर ओढली. महिनोन् महिने चालणाऱ्या क्लासला या कलमाचा काही उपयोग नाही.

त्याच राज्यात नोव्हेंबर २०२२ च्या मतदानात शाळांमधल्या कला आणि संगीतासाठी वेगळा निधी मंजूर झाला, राज्यानं शालेय शिक्षणाला दरवर्षी द्यायचीच अशी जी हमी रक्कम असते तिच्या १ टक्क्याइतका, दरवर्षी. अट अशी की ५०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्यांनी (म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांनी) यातले ८० टक्के पैसे शिकवणारी माणसं नोकरीवर घ्यायलाच वापरायचे. व्यवस्थापनाला फार तर १ टक्का, आणि उरलेल्यात प्रशिक्षण, साहित्य, बाहेरच्या संस्थांबरोबरचे प्रकल्प. शिवाय हा पैसा आधीच्या कलाखर्चाच्या जागी वापरायचा नाही, त्यात भरच घालायची, हेही स्पष्ट लिहिलंय. १९७५ नंतर जे झालं ते पुन्हा होऊ नये हा त्यामागचा विचार उघड आहे आणि तो बरोबरच आहे. पण ज्या संस्थांनी पोस्ट नसलेल्या चाळीस वर्षांत शाळांमध्ये कला जिवंत ठेवली त्यांच्यासाठी उरला तो छोटा वाटा. आता त्यांच्यातले काही कलाकार शिक्षकाचं सर्टिफिकेट घ्यायला निघालेत. ज्यांना ते नको आहे त्यांच्यासाठी त्या ८० टक्क्यांत एक दार उघडं आहे, सर्टिफिकेट न लागणाऱ्या कर्मचारी वर्गात नोकरी, आणि तिथे पगार, तास आणि पदाचं नाव प्रत्येक शाळा-जिल्हा आपापलं ठरवतो.