तारेच्या ब्रशने अलॉय व्हील ‘जास्त स्वच्छ’ होत नाही

‘अलॉय म्हणजे धातूच, त्याला काय होतंय? घ्या तारेचा ब्रश आणि घासा!’ गाडीच्या अलॉय व्हीलबद्दल, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांबद्दल, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. यातली मेख अशी, की तुम्ही धातू घासतच नसता. बहुतेक अलॉय व्हीलच्या अॅल्युमिनियमवर रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. ब्रश चालतो तो या पातळ थरावर. तारेने किंवा भांड्यांच्या घासणीने त्यावर बारीक चरे उठतात, चमक जाते. थर फुटलाच तर पाणी आत शिरून अॅल्युमिनियम गंजतं आणि पांढरट जाळी पसरत जाते. ती कुठल्याच शाम्पूने निघत नाही.

मग तो चिवट काळपट थर? ती ब्रेकची धूळ. ब्रेकचे पॅड आणि डिस्क झिजून उडालेले कण, त्यात लोखंडाचेही. चिकटलेल्या लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर असतं. फवारलं की कणांशी क्रिया होऊन जांभळे ओघळ येतात. काम रसायनाचं, ब्रशने फक्त हलवायचं.

त्यामुळे पुढच्या भागाला टोकं मऊ असलेला ब्रश, नटांच्या खाचांना छोटा गोल, आतल्या बाजूला लांब आणि लवचीक. घेताना दांड्याचं टोक मात्र नीट बघा: केस धरून ठेवणारी मधली तार उघडी असेल तर केस कितीही मऊ असोत, ओरखडा तीच काढते. आधी पाण्याने धूळ उडवा, चाक गार असू द्या. आणि हा ब्रश गाडीच्या बॉडीला लावू नका.